निइहामाच्या ताइको मात्सुरीत उचलायला बोलावलंय – जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जपानात एहिमे प्रांतातल्या निइहामा शहरात ज्युनियर हायस्कूलवर एएलटी (इंग्रजीचा सहाय्यक शिक्षक) म्हणून यंदाच रुजू झालोय. १६ ते १८ ऑक्टोबरला इथला ताइको मात्सुरी (ढोलांचा उत्सव) असतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: ताइकोदाई म्हणजे सोनेरी जरीच्या फुगीर ड्रॅगननी मढवलेला, पाच मीटरहून उंच, तीनेक टनांचा डोलारा. पोटात ढोल, वर शिट्ट्या फुंकत झेंडे हलवणारी माणसं, आणि खाली दांड्यांना खांदे लावलेले दीडेकशे गडी. नुसता उचलून भागत नाही. हात ताठ करून डोक्यावर न्यायचा आणि चारी कोपऱ्यांचे जाडजूड गोंडे एकदम उसळले पाहिजेत, तरच दाद मिळते.

आमच्या वस्तीच्या मंडळातल्या एका आजोबांनी परवा सरळ हाप्पीच (उत्सवात घालायचा आखूड अंगरखा) हातात ठेवली. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, निम्म्या वर्गाचे बाप त्याच दांडीला असणार!

आता अडचणी. पाकिटात घालून देणगी द्यायची पद्धत आहे असं कळलं. उचलणाऱ्यानेही द्यायची का? तीन हजार येन बरे दिसतील की पाच? आणि द्यायचे कुणाकडे?

दुसरी जास्त सतावतेय. दोन वस्त्यांचे ताइकोदाई समोरासमोर आले की कधीकधी जुंपते, पोलीस बंदोबस्तही असतो. स्टाफरूममध्ये विचारलं तर सगळे हसून 'कियोत्सुकेते' म्हणतात, म्हणजे जपून. अहो, पण जपून म्हणजे नेमकं काय? वातावरण तापलं की दांडी सोडून बाजूला व्हायचं, की ते पळपुटेपणाचं दिसतं? मी शाळेचा माणूस, वर व्हिसावर आलेला. इथे किंवा किशिवादा (तिथला रथ ओढायचा उत्सव) वगैरे ठिकाणी उतरलेल्या कुणी अनुभव सांगावा.

मी शाकाहारी आहे. नंतरच्या जेवणात मासा नसला तरी दाशी (बहुधा माशाचा अर्क) असतेच, म्हणून उमेबोशीचे (खारवलेलं आंबट फळ) ओनिगिरी (भाताचे गोळे) खिशात ठेवणार आहे. दारूला नको कसं म्हणायचं ते मात्र सुचवा.

जाता जाता: बुनकासाईला (शाळेचा सांस्कृतिक महोत्सव) मुलांकडून लेझीम बसवून घ्यायचं ठरतंय. खऱ्या लेझमी पुण्याहून विमानाने कुणी आणल्यात का?

आणि हो, २९ सेंमीचे जिकाताबी (अंगठा वेगळा असलेले रबरी तळाचे बूट) कुठे मिळतील? इथल्या दुकानात २८च्या पुढे काही नाही.