वर्षाचं ध्येय 1,20,000, आणि दर वेळी जूनमध्ये हप्ता अडतो

कोकणी_हिशेब

एप्रिल 2026 ते मार्च 2027 या बारा पगारांत 1,20,000 रुपये साठवायचे आहेत. 2027 च्या पाडव्याला कर्ज न काढता स्कूटर घ्यायची आहे. हातात पगार 41,000, दर महिन्याच्या 1 तारखेला. घरखर्च (भाडं, किराणा, वीज, प्रवास सगळं धरून) 28,000. त्याशिवाय वर्षातून एकदाच येणारे खर्च असे: जूनमध्ये शाळेची फी, पुस्तकं आणि गणवेश मिळून 14,000, गणपतीला 9,000, दिवाळीला 15,000, जानेवारीत विम्याचा हप्ता 12,000. दिवाळीला बोनस 18,000.

महिन्याला 10,000 ची आरडी (बँकेतली दरमहा ठरावीक हप्त्याची ठेव) असा साधा हिशेब आहे. एप्रिल-मेमध्ये हुरूप असतो, जूनमध्ये हप्ता चुकतो, जुलैत दुप्पट भरायचा म्हटलं की अंगावर येतं आणि मग सगळंच सुटतं. हुरूप वर्षभर टिकवण्यासाठी काय करावं? मोबाइलवर आठवण लावून उपयोग होत नाही. भिशी लावली तर बरं पडेल का?

जमाखर्च_नाशिक

ताई, तुमचा हुरूप कमी पडत नाहीये, जूनमध्ये 5,000 रुपये कमी पडतायत. तुमचेच आकडे घेऊन पाहा. घरखर्च जाऊन 13,000 उरतात, त्यातले 10,000 आरडीत गेले की राहतात 3,000. एप्रिल, मे, जून मिळून झाले 9,000, आणि तेही एक रुपया इकडेतिकडे न जाता. फी आहे 14,000. म्हणजे हप्ता चुकणार हे 1 एप्रिललाच ठरलेलं असतं. मग आपण म्हणतो की आपल्यात चिकाटी नाही, आणि बचत सुटते ती तिथे.

आता वर्षाचं पाहू. पगार 4,92,000 आणि बोनस 18,000, एकूण 5,10,000. घरखर्च 3,36,000, वार्षिक खर्च 50,000. उरतात 1,24,000. ध्येय बसतं, फक्त त्याला बाराने भागून चालत नाही.

माझ्या मते वाटणी अशी हवी: आरडी 8,000 ची. उरलेले 5,000 दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात, त्याला 'सणवार' असं नाव द्या. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये खात्याला टोपणनाव देता येतं. या खात्यात जूनपर्यंत 15,000 होतात, फी जाऊन 1,000 उरतात. सप्टेंबरपर्यंत 16,000, गणपतीनंतर 7,000. नोव्हेंबरच्या पगारानंतर 17,000, दिवाळी होऊन 2,000. जानेवारीत बरोबर 12,000 जमतात आणि विम्याला जातात. बोनसला हात लावायचा नाही, तो पूर्ण ध्येयाकडे.

मार्चअखेर आरडीचे 96,000, बोनस 18,000, सणवार खात्यात 10,000. दर साडेसहा टक्के धरला तर आरडीचं व्याज साधारण 3,400. मिळून 1,27,400.

अधिकमास

वरचा हिशेब बरोबर आहे, एक भर घालते. सणांचा खर्च इंग्रजी महिन्यावर टाकताना त्या वर्षीचं पंचांग पाहावं. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला बसले, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे 14 सप्टेंबरला बसतील. दिवाळीचं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. म्हणून हे वर्ष तुम्हाला सोयीचं आहे, दोन्ही सणांच्या आधी एकेक पगार जास्त मिळतो. 2027 मध्ये गणपती 4 सप्टेंबरला आहेत, तेव्हा हाच तक्ता डोळे झाकून उतरवू नका.

अधिक मासाचा खर्चही लिहून ठेवा. यंदा तो 17 मे ते 15 जून आहे, नेमका फीच्या तोंडावर. घरात लेक-जावयाला बोलावून वाण द्यायची रीत असेल तर दोन-तीन हजार सहज जातात. तुमच्या यादीत ते दिसले नाहीत, आणि सणवार खात्यात जूननंतर फक्त 1,000 शिल्लक आहेत. फेब्रुवारीत व्यवसायकर 200 ऐवजी 300 कापला जातो, तो 100 रुपयांचा फरकही धरा.

ठेवपावती

आरडी करताना 8,000 ची एक करू नका, 2,000 च्या चार करा. व्याज तेवढंच मिळतं. मोठी अडचण आली तर एक मोडायची, तीन चालू राहतात. मुदतीआधी मोडली की दर साधारण अर्धा ते एक टक्का कमी लागतो, पण तो फक्त त्या एकीला. एकच मोठी आरडी मोडली की पुन्हा सुरू करायला मन धजत नाही, हे फार जणांचं होतं.

हप्ता चुकलाच तर पुढच्या महिन्यात दुप्पट भरायचा हट्ट नको. चारांपैकी एकीचा चुकू द्या. बऱ्याच बँका शंभर रुपयांमागे महिन्याला दीड रुपया दंड घेतात, म्हणजे 2,000 वर 30 रुपये. तेवढा सोसा, आणि पुढचे चार महिने 500 बाजूला काढून तो हप्ता भरून टाका. मात्र सलग किती हप्ते चुकले तर खातं बंद होतं, ते आपल्या बँकेत आधी विचारून घ्या.

आरडी पगार जमा होतो त्याच बँकेत ठेवा आणि स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या, म्हणजे हप्ता दर महिन्याला आपोआप वळता होईल अशी सूचना. दुसऱ्या बँकेतून नॅचने (बँकाबँकांमधल्या आपोआप वसुलीच्या सोयीने) पैसे ओढले आणि शिल्लक नसली तर दंड दोन्हीकडून लागू शकतो.

पोस्टाची आरडी या कामाला घेऊ नका. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. पीपीएफचंही तसंच, योजना उत्तम पण पंधरा वर्षांची. एका वर्षाचं ध्येय त्यात घातलं तर पाडव्याला पासबुक भरलेलं दिसेल आणि स्कूटर दुकानातच राहील.

भिशी_आणि_बचतगट

भिशीबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. चार ओळखीची माणसं वाट पाहतायत म्हटलं की हप्ता चुकत नाही, ही ताकद कुठल्याच ॲपमध्ये नाही. पण तोटे नीट समजून घ्या. बारा जणांची 5,000 ची भिशी म्हणजे 60,000 ची उचल. नंबर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लागला तर हातात आलेली रक्कम खर्च होते आणि पुढचे नऊ-दहा महिने नुसते हप्ते भरायचे राहतात, तिथे मन उडतं. बोलीची भिशी असेल तर घाईने उचलणाऱ्याला कमी रक्कम मिळते. कुणी नंबर घेऊन हप्ते थांबवले तर बँकेसारखं संरक्षण नाही.

लावायचीच तर दोन हजारांपर्यंतची लावा, शेवटचा नंबर मागून घ्या, आणि 2,000 च्या एका आरडीच्या जागी धरा, तिच्यावर जादा नको.

पतसंस्थेच्या पिग्मीचा (रोज थोडी थोडी रक्कम भरायच्या ठेवीचा) विचार डोक्यात असेल तर तो रोज गल्ल्यात रोकड येणाऱ्या दुकानदारांसाठी ठीक आहे. एक तारखेला पगार येणाऱ्याला रोज 250 काढून देण्यात काही हशील नाही. शिवाय सहकारी बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमासंरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. दोन्हींच्या नावात 'सहकारी' असतं म्हणून लोक फसतात.

कोकणी_हिशेब

सगळ्यांचे आभार. जूनचे 5,000 कधी मांडूनच पाहिले नव्हते. चार आरडी करते. पण दोन शंका. जानेवारीत सणवार खातं शून्यावर येतं, तेव्हा मध्येच दवाखाना निघाला तर? आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आकडा हलतच नाही असं वाटतं, त्याला काय करावं?

जमाखर्च_नाशिक

शून्यावर येतं हे खरं आहे, ती माझ्या वाटणीतली कच्ची बाजू आहे. घरखर्चातून 500 कमी करता आले तर तेही सणवार खात्यातच टाका. जानेवारीपर्यंत 5,000 ची राखीव रक्कम तयार होते, आणि अधिक मासाचं वाणही थोडंफार त्यातून निघतं. 500 निघत नसतील तर बोनसमधले 6,000 त्या खात्यात पाडव्यापर्यंत राहू द्या. ते ध्येयाचेच पैसे आहेत, फक्त वाट बदलून येतील.

ऑगस्टमध्ये एकूण आकडा पाहू नका, हप्ते मोजा. चार आरडी गुणिले बारा महिने, म्हणजे 48 चौकोन. कागदावर आखून फ्रिजवर लावा, हप्ता गेला की रंगवा. महिन्याला चार चौकोन भरतात, ते डोळ्याला दिसतं. ऑक्टोबरचे हप्ते गेले की भरलेले मोजायचं थांबवून रिकामे मोजा. तेव्हा 20 उरलेले असतात आणि दर महिन्याला चार गळतात.

त्याच कागदाच्या वर एक आकडा लिहा: 13,000. एक लाख रुपयांचं कर्ज बारा टक्क्यांनी दोन वर्षांसाठी काढलं तर 4,707 चा हप्ता बसतो आणि व्याजापोटी एकूण जवळपास 13,000 जातात, प्रक्रिया शुल्क वेगळं. हप्ता टाळावासा वाटेल त्या दिवशी तो आकडा समोर असू द्या.

ठेवपावती

तारखेचं एक सांगायचं राहिलं. 2027 चा पाडवा बुधवारी, 7 एप्रिलला आहे. आरडी या वर्षी 7 एप्रिलला उघडली तर ती नेमकी पाडव्याला पिकेल, आणि त्या दिवशी बँक बंद. शिवाय स्कूटर पाडव्याला घरी यायची तर पैसे भरून नोंदणी त्याआधी व्हावी लागते. या 1 एप्रिलला बँकांची वर्षअखेर आहे, 3 ला गुड फ्रायडे. म्हणून चारही आरडी गुरुवारी, 2 एप्रिलला उघडा. पुढच्या वर्षी 2 तारीख शुक्रवारी येते, पैसे पाच दिवस आधी हातात. एखाद्या महिन्यात पगार 3-4 तारखेवर गेला तरी हप्ता अडू नये म्हणून पगाराच्या खात्यात कायम 8,000 शिल्लक राहील असं पाहा. पहिल्याच महिन्यात तेवढी जमत नसेल तर बँकेला विचारा, हप्त्याची तारीख 5 करून मिळते का. आणि विक्रेत्याकडे नोंदणीला किती दिवस लागतात ते मार्चच्या पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा, पाडव्याला तिथे गर्दी असते.