शब्दचर्चा : 'शेड' आणि 'शॅडो'

शंका : 'शेड' आणि 'शॅडो' या दोन्ही इंग्रजी शब्दांपुढे शब्दकोशात 'सावली' हाच अर्थ दिलेला आढळतो. असे असताना 'दमलो म्हणून झाडाच्या शॅडोमध्ये बसलो' हे वाक्य इंग्रजी जाणणाऱ्यांना का खटकते?

उत्तर : शब्दकोशातला अर्थ चुकीचा नाही, अपुरा आहे. जिला आकार आहे आणि जिचा कोणी एक धनी आहे, ती सावली म्हणजे शॅडो. जिला ठराविक आकार नसला तरी चालतो, पण उन्हापासून सुटका म्हणून जिच्यात जाऊन थांबता येते, ती सावली म्हणजे शेड. उन्हात चालणाऱ्या माणसाबरोबर जमिनीवरून सरकणारी, सकाळ-संध्याकाळ लांबणारी आणि दुपारी पायाशी गोळा होणारी आकृती ही शॅडो होय. तोच माणूस घाम पुसत झाडाखाली उभा राहतो ती जागा शेड होय. म्हणून शॅडो मोजता येते, तिचे अनेकवचन सर्रास होते आणि तिच्यामागे 'कोणाची?' हा प्रश्न येतोच. 'इन द शेड' म्हणताना मात्र ती सावली झाडाची, भिंतीची की ढगाची, याच्याशी बोलणाऱ्याला फारसे देणेघेणे नसते.

हा भेद मराठीला अनोळखी आहे असे मुळीच नाही. तो आपण नामात न ठेवता क्रियापदावर आणि प्रत्ययावर सोपवला आहे, एवढेच. सावली 'पडते', 'हलते', 'लांबते' तेव्हा इंग्रजीत शॅडो येते; आपण सावलीला 'बसतो', सावलीत 'विसावतो' किंवा एखादी वस्तू सावलीत 'वाळवतो' तेव्हा शेड येते. भाषांतर करणाऱ्याने 'सावली' या शब्दाकडे टक लावून पाहण्याऐवजी वाक्याच्या शेवटी आलेले क्रियापद पाहिले, तर दहांपैकी नऊ वेळा योग्य शब्द आपोआप हाती लागेल.

शास्त्रीय लेखनात तर ही विभागणी कसोशीने पाळलेली दिसते. चंद्रग्रहणात चंद्रावर येते ती पृथ्वीची शॅडो. तिचा दाट, निमुळता होत जाणारा भाग अवकाशात सुमारे १४ लाख किलोमीटरपर्यंत पसरलेला असतो, आणि तिथे शेड हा शब्द कोणी वापरत नाही. उलट हवामानखाते जे तापमान सांगते ते शेडमधले असते, कारण तापमापकावर थेट ऊन पडू नये म्हणून तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात. डोंगराने पावसाळी वारे अडवल्यामुळे पलीकडे जो कोरडा पट्टा राहतो, त्याला 'रेन शॅडो' म्हणतात. तिथे उन्हाचा संबंध नाही, पण डोंगर हा धनी ठरलेला आहे, म्हणून शॅडो. आपणही त्याला 'पर्जन्यछाया' म्हणतो, 'पर्जन्यसावली' म्हणत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

व्युत्पत्ती पाहिली तर गंमत वाटते. प्राचीन इंग्रजीत हा शब्द एकच होता. त्या काळी इंग्रजीत नामांना विभक्ती लागत असे आणि विभक्ती लागताना, आपल्या सामान्यरूपाप्रमाणे, नामाचे रूप बदलत असे. प्रथमेच्या रूपातून 'शेड' निघाला, तर इतर विभक्त्यांच्या 'व'कारयुक्त रूपातून 'शॅडो' निघाला. उद्या मराठीत 'घोडा' आणि 'घोड्या' हे दोन स्वतंत्र शब्द होऊन त्यांना निरनिराळे अर्थ चिकटावेत, तसाच हा प्रकार आहे. कुरणाला असलेले 'मीड' आणि 'मेडो' हे शब्दही याच वाटेने वेगळे झाले. त्यांपैकी 'मीड' आता कवितेपुरता उरला आहे.

पुढची शंका : 'वडिलांच्या सावलीत वाढला' याचे इंग्रजी करताना मग धनी ठरलेला असल्यामुळे शॅडोच वापरावा लागेल ना?

उत्तर : नियमाने विचारलेत, पण नेमका इथेच घात होतो. मराठीत वडीलधाऱ्यांची सावली म्हणजे आधार आणि माया. तिच्यात वाढणे हे भाग्याचे लक्षण. इंग्रजीत 'वडिलांच्या शॅडोमध्ये वाढला' म्हटले की वडिलांच्या कीर्तीपुढे मुलगा झाकोळून गेला, त्याचे स्वतःचे कर्तृत्व कोणाच्या नजरेस आले नाही, असा अर्थ होतो. गौरवाचे वाक्य शब्दशः भाषांतराने तक्रारीचे होऊन बसते. शेड घालूनही काम भागत नाही, कारण त्या शब्दाला मायेचा हा अर्थ रूढ नाही. तिथे सावली सोडून देऊन आधार, छत्र किंवा संगोपन असा अर्थ देणारा शब्द घेणे हाच सरळ मार्ग आहे.

विशेषणांतही सावधगिरी हवी. 'शेडी' वाट म्हणजे गर्द सावलीची, सुखाची वाट; पण 'शेडी' व्यवहार म्हणजे ज्यात काही काळेबेरे असावे असा संशय येतो तो. 'शॅडोई' म्हणजे मात्र अंधुक, नीट न दिसणारे. रंगाची शेड आणि अर्थाची शेड यांना मराठीत 'छटा' हा नेटका शब्द आहे. तिथे 'छाया' लिहिणे टाळावे.

आणखी एक शंका : 'पत्र्याची शेड' यातली शेड हीच का?

उत्तर : नाही. त्या शब्दाचा इंग्रजी उच्चार ऱ्हस्व आहे आणि वर्णलेखनही निराळे आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून हा घोळ होतो. तरीही प्रश्न अगदीच वावगा नाही. छपराचा हा शब्द सावलीच्या शब्दाचेच एक रूपांतर असावे, असा कोशकारांचा कयास आहे.