मदत हवी आहे: पोदेराच्या स्कूटरवरून येणारा डेटा आणि रोज लाल दिसणारे नोड

मानसकाठ:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, आधीच माफी मागतो.

मी फोंड्याकडच्या एका कॉलेजात एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचं नाव कागदावर भारदस्त आहे: ‘फिरत्या वाहकांवर चालणाऱ्या कमी विजेच्या नेटवर्कचं व्यवस्थापन’. प्रत्यक्षात, तिसवाडीतल्या एका बेटावर आमच्या गावच्या खाजनाच्या बांधाला मी आठ डबे बांधलेत. (बेटाचं नाव लिहीत नाही, डबे जायचे.) गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली शेतजमीन आणि मानस म्हणजे त्या बांधातली लाकडी दारं. भरतीला ती पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. दार नीट मिटलं नाही तर खारं पाणी शेतात शिरतं. माझे डबे दोन्हीकडच्या पाण्याची पातळी आणि खारटपणा मोजतात.

डब्यात ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला इवलासा संगणक), २६०० एमएएचचा एक १८६५० लिथियम सेल आणि वर हाताएवढं सोलर पॅनेल. प्रत्येकात फोरजी मोडेम घालायचा तर आठ सिमांचा रिचार्ज कोण भरणार? म्हणून डेटा आणायला आमचा पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, धरला. तो पहाटे आणि दुपारनंतर, दोनदा, बांधालगतच्या रस्त्याने पों-पों करत जातो. त्याच्या स्कूटरला, पावाच्या टोपलीखाली, एक छोटा वायफाय डबा लावलाय. नोड, म्हणजे बांधावरचा एकेक डबा, दर मिनिटाला उठतो, दोन सेकंद ऐकतो, स्कूटर दिसली तर साठवलेला डेटा तिच्यावर टाकतो आणि झोपतो. पोदेर भट्टीवर परतला की तिथल्या वायफायवरून सगळं माझ्या सर्व्हरला. मोबदला म्हणून मी रोज चार उंडे (गोल पाव) जास्तीचे घेतो. घरचे कंटाळलेत.

अडचणी दोन आहेत.

पहिली बॅटरीची. दोन सेकंद १२० मिलिअँप, दिवसात १४४० वेळा, म्हणजे ९६ एमएएच. झोपेत १० मायक्रोअँप, ते नगण्य. सेलचे २०८० एमएएच वापरता येतात असं धरलं तर ऊन नसलं तरी तीन आठवडे चालायला हवं. ऊन होतं तोवर कळलंच नाही. जून लागला आणि नोड आठवडाभरही टिकेनात.

दुसरी त्याहून वाईट. मॉनिटरिंगमध्ये नियम लावला होता की २४ तासांत नोडकडून काही आलं नाही तर तो लाल. सेल नुकते बदललेले असतानाही रोज आठातले तीन-चार लाल असतात आणि रोज वेगळे. गेल्या रविवारी धो धो पावसात तीन नंबर बघायला गेलो. बांधावर गुडघाभर चिखल, एक चप्पल तिथेच राहिली. डबा उघडला तर आत लाल दिवा मजेत तेवतोय, नोड ठणठणीत. आता ‘लाल’ दिसलं तरी जावंसं वाटत नाही, आणि खरंच मेलेले दोन नोड असेच आठ दिवस तसेच पडून राहिले.

सर म्हणतात, यात संशोधन कुठे आहे ते दाखव. मलाही ते कळेनासं झालंय. कुणी वाट दाखवेल का?

सोल्डरगन:

पहिल्या अडचणीचा चोर तुम्हीच पकडलाय, फक्त ओळखला नाहीत. ‘आत लाल दिवा मजेत तेवतोय.’ नोड झोपेत असताना दिवा कशाला तेवतोय?

१० मायक्रोअँप हा आकडा नुसत्या चिपचा. तुम्ही बाजारातला डेव्हलपमेंट बोर्ड तसाच डब्यात घातला असणार. त्याच्यावर बहुधा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) असतो, तो काही काम नसतानाही ५ मिलिअँपच्या आसपास खातो. त्यात पॉवरचा दिवा आणि यूएसबीची चिप. सेलच्या वायरमध्ये मीटर घाला आणि नोड झोपलेला असताना आकडा वाचा. मग इथे सांगा.

मानसकाठ:

मोजलं. ९ मिलिअँप. झोपेत! ९ गुणिले २४ म्हणजे २१६ एमएएच, त्यात ते ९६ मिळवले की ३१२. २०८० भागिले ३१२, पावणेसात दिवस. आठवडा का पुरत नव्हता ते कळलं. लाज वाटली, कारण इतके दिवस मी ‘प्रोटोकॉलची ऊर्जा’ शोधत होतो.

सोल्डरगन:

लाज कसली, सगळ्यांचं होतं. दिव्याचा रोध उचकटून काढा. रेग्युलेटर बदला, पण घाई करू नका. लोक एमसीपी१७०० सुचवतील, तो झोपेत दोन मायक्रोअँपही खात नाही, पण २५० मिलिअँपच देतो. वायफाय सुरू होतानाचा झटका त्याला पेलत नाही आणि बोर्ड ब्राऊनआऊट होऊन, म्हणजे व्होल्टेज पडून, पुन्हा पुन्हा रीसेट होतो. एचटी७८३३ घ्या, ५०० मिलिअँप देतो. शेजारी चांगला मोठा कपॅसिटर लावा.

रांगेतलापॅकेट:

दुसऱ्या अडचणीकडे येऊ या. एक विचारतो, स्कूटर किती वेगाने जाते आणि नोडला किती अंतरावरून दिसते?

मानसकाठ:

त्या पट्ट्यात घरं नाहीत, तो थांबत नाही. ताशी १८ किलोमीटर धरा. दोन्हीकडे मिळून १०० मीटरभर संपर्क राहतो, पुढे तिवरांची झाडी येते.

रांगेतलापॅकेट:

मग झालं की. ताशी १८ म्हणजे सेकंदाला ५ मीटर, म्हणजे स्कूटर नोडच्या टप्प्यात २० सेकंद. तुमचा नोड मिनिटात एकदाच, दोन सेकंद जागा. भेट होण्याची शक्यता साठात बावीस, तीन फेऱ्यांत जेमतेम एक. दोन्ही फेऱ्या हुकण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. आठ नोडांना लावा: सगळे ठणठणीत असले तरी रोज सरासरी तीन लाल! तुमचे ‘तीन-चार, रोज वेगळे’ ते हेच. चप्पल उगाच गेली.

उपाय. पोदेर दिवसभर फिरत नाही, मग नोड दिवसभर का उठतो? पहाटे दीड तास आणि दुपारी दीड तास एवढंच जागा. त्या वेळात दर १५ सेकंदांनी उठा, म्हणजे २० सेकंदांच्या टप्प्यात एक भेट नक्की. महाग वाटेल, पण ते दोन सेकंद कशात जातात ते बघा. नोड तेरा चॅनेल एकेक करून धुंडाळतोय. स्कूटरवरच्या डब्याला एकच चॅनेल ठरवून द्या आणि नोडला तेवढाच ऐकायला सांगा. ॲक्सेस पॉईंटचा बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ अशी हाक, साधारण १०२ मिलिसेकंदांनी येतो, त्यामुळे १५० मिलिसेकंद कान दिला तरी पुरे. उठण्याचा वेळ धरून अर्धा सेकंद, १०० मिलिअँप. दिवसाला ७२० वेळा म्हणजे १० एमएएच. भेट झाल्यावर डीएचसीपीत (दर वेळी नवा पत्ता मागण्यात) वेळ घालवू नका, आयपी पत्ता कायमचा ठरवून टाका.

आणि ईएसपी३२चं आतलं झोपेतलं घड्याळ तापमानासोबत भरकटतं. ठरलेल्या वेळी उठायचं तर डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावा, ते वर्षाला मिनिटभरच चुकतं. रेग्युलेटर बदलून हे सगळं केलंत तर कागदावर पाच महिने तरी निघतील. सेल जुने, हवा दमट, तीन धरा. चवथ (गणेश चतुर्थी) आरामात पार होईल.

वाळपईचा:

मी सत्तरी तालुक्यातला. पात्रांव, पोदेराच्या जागी लोरा (कमी विजेचा, लांब पल्ल्याचा रेडिओ) का नाही? भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला लायसन्स लागत नाही, एका गेटवेत अख्खं बेट येईल.

मानसकाठ:

खरं आहे, आणि नुसतं खाजन वाचवायचं असतं तर मी तेच केलं असतं. पण लॅबमध्ये आठ ईएसपी३२ पडून होते आणि नव्या खरेदीची फाईल फिरतेच आहे. शिवाय विषयच फिरत्या वाहकांचा घेतलाय.

तारखात्यातला:

मी निवृत्त माणूस, जन्म टेलिफोनच्या लाइनींत गेला. तुमच्या सरांना काय दाखवायचं ते सांगू का?

आमच्याकडे तक्रारींची वही असायची. लाइनमन संध्याकाळी त्यात खूण करायचा. ‘गेलो, चालू’, ‘गेलो, बंद’ आणि ‘गेलो नाही’. तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. ती नसती तर न बघितलेला प्रत्येक फोन बंद धरला असता. तुमच्या मॉनिटरिंगच्या वहीत ही तिसरी खूण नाही. एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांची विचारपूस करायची पद्धत. तिचं पहिलं पक्कं रूप १९९० सालचं, आरएफसी ११५७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). त्या घराण्यातली साधनं हे गृहीत धरतात की विचारणाऱ्याला हवं तेव्हा उपकरणापर्यंत पोचता येतं. पाच-पाच मिनिटांनी विचारायचं, उत्तर आलं नाही तर बिघाड. ऑफिसातल्या स्विचला ते ठीक. तुमची विचारणारी स्कूटर आहे. ती गेलीच नाही तर नोडच्या गप्प राहण्याला काय अर्थ?

म्हणून स्कूटरला हजेरी लिहायला लावा. डब्यात जीपीएस बसवा. कोणत्या नोडजवळून किती वाजता गेलो, किती सेकंद टप्प्यात होतो, कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं. मग नोडच्या अवस्था तीन: बोलला, स्कूटर जाऊनही गप्प, आणि कुणी गेलंच नाही. लाल फक्त दुसऱ्याला, तेही लागोपाठ चार फेऱ्या झाल्यावर. पोदेर फेस्ताला सुट्टीवर गेला तर सगळे राखाडी, तुम्ही निवांत.

नोडनेही आपली वही ठेवावी. किती वेळा रीसेट झाला आणि का, सेलचं व्होल्टेज, किती वेळा कान दिला, शेवटची भेट कधी. वीस-तीस बाइट, डेटाच्या शेपटीला. कुणी विचारायला नको.

रांगेतलापॅकेट:

काका, हे तुम्ही म्हणताय तेच आता कागदावर आलंय. नोव्हेंबर २०२४चा आरएफसी ९६७५ वाचा, मानसकाठ. उशीर सोसणाऱ्या नेटवर्कच्या व्यवस्थापनाचा आराखडा. उपकरणाला आधीच नियम देऊन ठेवायचे, त्याने जागच्या जागी निर्णय घ्यायचे आणि संधी मिळेल तेव्हा अहवाल पाठवायचा. या विषयाचा उगम ग्रहांमधल्या दळणवळणात आहे. आरएफसी ४८३८, २००७ सालचा, त्याच्या लेखकांत इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फही आहेत. मंगळाभोवतीचं यान आणि टोपलीखालचा डबा यांचं दुखणं एकच, समोरचा दिसेल तेव्हाच बोलायचं.

वाहकांचा इतिहासही बघा. झेब्रानेटमध्ये, २००२-०४च्या सुमारास, केनियातल्या झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे घालून डेटा एकमेकांकडून पुढे नेत होते. डाकनेटने आपल्या शेजारी, कर्नाटकात दोड्डबळ्ळापूरला, बसवर वायफाय लावून जमिनीच्या नोंदींसाठी हाच खेळ केला, आणि कंबोडियात रतनकिरीला मोटरसायकलींवर. तेव्हा ‘स्कूटरवरून डेटा’ हे नवं म्हणून सांगू नका, परीक्षक लगेच पकडतील.

मानसकाठ:

मग नवं काय सांगू?

तारखात्यातला:

मोजा. दोन महिने दोन्ही नियम एकाच डेटावर चालवा, तुमचा २४ तासांचा आणि हा हजेरीचा. खोटा लाल किती वेळा, खरा मेलेला किती फेऱ्यांनी कळला, आणि नोडच्या हजेरीपायी सेलमधली किती वीज गेली. एक नोड मुद्दाम बंद करा, कधी केला ते मित्राला लिहून ठेवू दे, तुम्हाला सांगू नये. आणि वाचलेल्या चिखलफेऱ्या मोजायला विसरू नका, माझ्या मते तो आकडा सगळ्यात बोलका असेल.

सोल्डरगन:

आणि झोपेतल्या करंटची आधीची-नंतरची मोजणी लिहाच. पुष्कळ पेपर डेटाशीटवरचे १० मायक्रोअँप उतरवून मोकळे होतात.

मानसकाठ:

पाच आठवड्यांनी परत आलोय. आठही बोर्डांचे दिवे उचकटले, रेग्युलेटर बदलले (एक बोर्ड जाळला). झोपेतला करंट आता ४० मायक्रोअँपच्या आत आहे. नवा सेल लागलेला नाही. हजेरीची वही चालू आहे. या काळात जुन्या नियमाने ४१ वेळा लाल दाखवला असता, नव्याने तीनदा. सरांनी वही बघितली आणि ‘हे आधी का नाही दाखवलंस’ म्हणाले, म्हणजे बहुतेक पास.

तीनातले दोन लाल मित्राने मुद्दाम बंद केलेले. तिसरा परवाचा, सहा नंबर. पोदेर चार फेऱ्या बाजूने गेला, २०-२० सेकंद टप्प्यात होता, नोड गप्प. शेवटचं व्होल्टेज ३.९, रीसेट शून्य. मरायला काही कारणच नाही. गेलो तर डबाच जागेवर नाही. म्हटलं, गेला.

परतताना मानशीत मासे धरायचा मक्ता घेतलेल्या काकांच्या झोपडीत डोकावलो. वर सुकं नुस्तं (मासळी) टांगलेलं आणि खाली फडक्यात गुंडाळलेला माझा सहा नंबर. काका म्हणाले, “उधाणाचं पाणी वर येत होतं. एरवी तुझ्या डब्यात लाल दिवा दिसायचा. हल्ली दिसेना, म्हटलं मेला असणार. भिजायला नको म्हणून काढून ठेवला.”