ग्रुप प्रोजेक्टची डॉक्युमेंटरी एडिट करायचीय, पाच जणांत काम वाटायचं कसं?

मातीचे_पाय:
नमस्कार मंडळी, मास मीडियाचं दुसरं वर्ष, आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. पेणच्या गणपती कारखान्यांवर आठ मिनिटांची डॉक्युमेंटरी द्यायचीय. शूटिंग झालंय, तीन वेगवेगळ्या फोनवर, काही तासांचं फुटेज आहे पण एडिटिंग कुणालाच येत नाही. माझ्या लॅपटॉपवर दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर टाकलं, रॅम ८ जीबी, प्ले केलं की अडकतं. आता ठरतंय असं की प्रत्येकाने दीड-दोन मिनिटं एडिट करायची आणि शेवटी सगळं जोडायचं, म्हणजे सगळ्यांना सारखंच काम. चालेल का हे? आणि एका फोनच्या व्हिडिओचा आवाज सुरुवातीला बरोबर असतो, वेगळ्या रेकॉर्डरचा ट्रॅक जोडला तर शेवटी शेवटी ओठ आणि आवाज मागेपुढे होतात, हे काय प्रकरण आहे?

कटपेस्ट_काका:
मिनिटांनी वाटू नका रे. पाच जणांचे पाच कलर, पाच ठिकाणी वेगळा आवाज, आणि तोच मूर्तिकार तीनदा सांगणार की सीझन कधी सुरू होतो, कारण दुसऱ्याने काय घेतलंय ते कुणालाच माहीत नसणार. काम टप्प्यांनी वाटा. दोघांनी मुलाखती ऐकून वहीत उतरवायच्या, कुठल्या क्लिपमध्ये कितव्या मिनिटाला कोण काय बोलला, बस. मग सगळ्यांनी एकत्र बसून वहीवरच ठरवायचं काय ठेवायचं, काय उडवायचं. भांडणं तिथेच उरकतात आणि कॉम्प्युटर लागत पण नाही. मग एकाने रफ कट (पहिली कच्ची जोडणी), एकाने साऊंड, एकाने कलर आणि सबटायटल. टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने लावतो ती पट्टी, एका वेळी एकाच्याच हातात.

शटर५०:
आवाज सरकतो कारण बरेच फोन व्हेरिएबल फ्रेमरेटने शूट करतात, दर सेकंदाला फ्रेम्स सारख्या नसतात. एडिटिंग सॉफ्टवेअर सारख्या धरून चालतं. हँडब्रेक नावाचं व्हिडिओ कन्व्हर्टर फुकट आहे, त्यात कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून सगळ्या क्लिप सेकंदाला ३० फ्रेम्सवर काढा, प्रोजेक्टही ३० चा, आणि हे पहिली क्लिप आत टाकायच्या आधी ठरवा, नंतर बदलायला गेलात तर रडाल. रिझॉल्व्हला १६ जीबी तरी रॅम लागते, ८ वर हट्ट करू नका, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या, दोन्ही फुकट, दोन्हीत प्रॉक्सी आहे. प्रॉक्सी म्हणजे फुटेजची हलकी कॉपी, कट करताना ती वापरायची, फायनल ओरिजिनलवरूनच निघतं. केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल एवढीशी असते, तेव्हा फुटेज सगळ्यांनी एकदाच आपापल्या डिस्कवर सारख्याच नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, मग फक्त ती फाइल फिरवा. आणि फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका प्लीज, दाबून बारीक करतं, अगदीच गरज पडली तर डॉक्युमेंट म्हणून. पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल जाणारच नाही, एक्सफॅट करून घ्या (आधी आतलं काढून ठेवा, फॉरमॅट होतो).

आगाऊ_आसावरी:
काकांचं पटलं पण एक बोलू का, असं टप्प्यांनी वाटलं की एडिटिंग एकच जण शिकतो, ज्याच्याकडे बरा लॅपटॉप असतो तो. बाकीचे मागे उभे राहून "इथे कट कर ना" म्हणतात आणि सीव्हीवर मात्र पाचही जण एडिटर 😄 त्यापेक्षा खऱ्या कामाआधी एकच मुलाखत घ्या आणि पाचही जणांनी तिचा एकेक मिनिटाचा कट आपापला करा. शेजारी शेजारी लावून बघा. एकाच बाईच्या बोलण्यातून पाच वेगळ्या बायका निघतील, तेव्हा कळतं कट म्हणजे काय ते. मार्क द्यायला नको, दाखवायला नको. मग काकांसारखं करा.

कटपेस्ट_काका:
हे मान्य. वेळ असेल तर जरूर.

मातीचे_पाय:
खूप मदत झाली, काका आणि ताई दोघांचंही करतो. अजून एक, रंगकामाच्या मुलाखतीत मागे स्प्रेचा कंप्रेसर चालू-बंद होतोय. नॉइज रिडक्शन लावलं तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

शटर५०:
जास्त लावलंस. थोडंच ठेव, १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाक, बाकी आवाज राहू दे. कारखाना आहे, शांत असेल तरच विचित्र. बोलणं सुरू व्हायच्या आधी कंप्रेसरचा शॉट दाखव, आवाज कुठून येतोय हे कळलं की बघणाऱ्याला खटकत नाही. खटकतो तो कट मारल्यावर मधेच तुटणारा आवाज. पेण जवळ असेल तर पुन्हा जाऊन नुसता कारखान्याचा आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड करून आणा, कुणी बोलू नका, आणि तो सगळ्या कटांच्या खाली सलग टाका. गेलातच तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, ट्यूबलाइटखाली पट्टे येणार नाहीत.

आगाऊ_आसावरी:
आणि सबटायटल मराठीत असतील तर आधी "मूर्ती", "प्लास्टर", "विसर्जन" एवढे तीन शब्द टाइप करून एक्सपोर्ट करून बघा. काही फॉन्टमध्ये रफार आणि जोडाक्षरं फुटतात. ॲडोबीचं प्रीमियर (एडिटिंग सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन साऊथ एशियन करावं लागतं.