मदत हवी आहे: टाटा एलेक्सीचा शेअर घसरूनही महागच आहे का?

वाहन, माध्यम अशा क्षेत्रांतील कंपन्यांना डिझाइन आणि तंत्रज्ञान सेवा पुरवणाऱ्या टाटा एलेक्सीचा शेअर ऑगस्ट 2022 मध्ये दहा हजार रुपयांच्या वर गेला आणि नंतर जवळपास निम्म्यावर आला. परंतु निव्वळ नफाही 2022-23 मध्ये सुमारे 755 कोटी, पुढच्या वर्षी 792 कोटी आणि 2024-25 मध्ये 785 कोटी, असा एकाच जागी अडकला. भाव 5,500 रुपये धरला, तर प्रतिशेअर सुमारे 126 रुपयांच्या मिळकतीवर पीई (भाव भागिले प्रतिशेअर मिळकत) 44 च्या आसपास येतो.

पाच वर्षांच्या सरासरी पीईशी केलेली तुलना मला निरुपयोगी वाटते, कारण ती सरासरीच तेजीने फुगलेली आहे. टीसीएस, इन्फोसिस यांच्याशी तुलना करावी, तर व्यवसायाचे स्वरूप वेगळे. म्हणून उलट गणित मांडले: 12 टक्के अपेक्षित परतावा आणि दहा वर्षांनंतर कायमची 5 टक्के वाढ धरल्यास, हा 5,500 चा भाव योग्य ठरण्यासाठी नफा दहा वर्षे दरसाल सुमारे 20 टक्क्यांनी वाढावा लागतो.

शेअर माझ्याकडे नाही, मुदत सात वर्षांची आहे आणि खरेदी-विक्रीचा सल्ला नको आहे. वाहन आणि माध्यम क्षेत्रांतील ग्राहकांचा आखडता हात तात्पुरता आहे की कायमचा, हे ताळेबंदातील किंवा तिमाही निकालांतील कोणत्या आकड्यांवरून ओळखावे?