पानं उडवायचा ब्लोअर: वायरवाला की बॅटरीवाला? मदत हवी आहे

पुण्यात घरापुढे 600 स्क्वेअर फूट पेव्हर ब्लॉकचं अंगण आहे, कडेला बदामाचं झाड, आत्ता पानगळीत सकाळी झाडलं तरी दुपारी परत तेच, खराट्याने कंबर धरते. शेजारच्या काकांचा 600 वॅटचा वायरवाला ब्लोअर आणून बघितला, सुकी पानं मस्त उडतात पण दवाने ओली झालेली जागची हलत नाहीत आणि एक्स्टेंशनची वायर दर दोन मिनिटांनी कुंडीत अडकते (एक तुळस आडवी झालीच). पेट्रोलवाला नको, आवाज फार. बजेट 6 हजार, आठवड्यातून दोनदा 15 मिनिटं वापर, पानं जाळायची नाहीत, खतासाठी कोपऱ्यात ढकलायचीत बस. 20 व्होल्टचा बॅटरीवाला कोणी वापरलाय का, फुल स्पीडला खरंच किती मिनिटं चालतो आणि ओली पानं हलवतो का?