३५ मिमी निगेटिव्हचे घरी प्रिंट : काळा रंग मळकट, कोपरे धूसर

निगेटिव्हवाला
नमस्कार मंडळी. बाथरूममध्ये डार्करूम मांडून ३५ मिमी कृष्णधवल निगेटिव्हवरून ८ × १० इंची प्रिंट काढतो आहे. कंडेन्सर एनलार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र), ५० मिमी एफ/२.८ लेन्स, इलफर्डचा मल्टिग्रेड आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) कागद, २ नंबरचा फिल्टर (नंबर जितका मोठा, तितका कॉन्ट्रास्ट जास्त). लेन्सचं छिद्र एफ/१६ वर, एक्स्पोजर (कागदावर उजेड पाडण्याचा वेळ) २५ सेकंद. इलफर्डचाच मल्टिग्रेड डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) १+९, म्हणजे एका भागाला नऊ भाग पाणी, पण नळाचं पाणीच ३१ अंश. चित्र भराभर गडद होतं, म्हणून ३० सेकंदांत कागद उचलून स्टॉप बाथमध्ये (डेव्हलपिंग थांबवणाऱ्या द्रावणात) टाकतो. काळा भाग ढगाळ करडा येतो, पांढऱ्यावर मळ दिसतो आणि मधला भाग स्पष्ट असला तरी कोपरे धूसर. सेफलाइट (कागद खराब न करणारा डार्करूमचा दिवा) म्हणून लाल रंगाचा झीरोचा बल्ब. आधी काय तपासू?

हायपोबाथ
आधी कागद लवकर उचलणं थांबवा. या डेव्हलपरमध्ये २० अंशांना आरसी कागदाला पूर्ण १ मिनिट द्यायचं असतं. काळा रंग शेवटी शेवटी भरत जातो. एक्स्पोजर जास्त झालं की चित्र झपाट्यानं गडद होतं, ते वाचवायला कागद बाहेर काढला की सावल्या अर्ध्याकच्च्या राहतात. तुमचा ढगाळ करडा तिथून येतो. डेव्हलपिंगचा वेळ कायम ठेवा, गडद-फिकं फक्त एक्स्पोजरनं ठरवा.

तापमानासाठी डेव्हलपरचा ट्रे मोठ्या परातीत ठेवा. परातीत थंड पाणी आणि बर्फ गोठवलेली बंद बाटली. बर्फ ट्रेमध्ये टाकू नका, डेव्हलपर पातळ होतो. अगदी २० नाही जमलं, २३–२४ वर स्थिर राहिलं तरी काम होतं. मात्र टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळे एक्स्पोजर दिलेली चाचणीची पट्टी) आणि शेवटचा प्रिंट एकाच तापमानाला निघाले पाहिजेत.

डेव्हलपरचा दम तपासायला कागदाचा तुकडा क्षणभर पांढऱ्या दिव्यात धरा आणि १ मिनिट डेव्हलप करा. तुमच्या कागदाला येऊ शकणारा गडदात गडद काळा तोच. तोही करडा आला, तर डेव्हलपर बदला.

मग एफ/११ वर टेस्ट स्ट्रिप घ्या. पूर्ण पट्टीला ४ सेकंद, त्यानंतर एकेक भाग झाकत १.५, २.५, ३ आणि ५ सेकंद. म्हणजे एकूण ४, ५.५, ८, ११ आणि १६ मिळतात. सगळीकडे सारखे ५-५ सेकंद वाढवले तर सुरुवातीच्या पट्ट्यांत मोठी उडी पडते आणि शेवटच्या जवळजवळ सारख्याच दिसतात. उजळ भागात तपशील जिथे नेमका दिसतो, तो वेळ धरा. त्या वेळेला काळा फिका वाटला तर वेळ वाढवू नका, फिल्टर २ वरून ३ वर न्या. ४ आणि त्यापुढच्या फिल्टरांना वेळ दुप्पट लागतो, हे लक्षात असू द्या.

उभा_इझल
कोपऱ्यांबद्दल. एफ/१६ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे) सगळंच चित्र थोडं मऊ पडतं, पण फक्त कोपरे जात असतील तर निगेटिव्ह फुगतंय. बिनकाचेच्या कॅरिअरमध्ये (निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीत) दिव्याच्या उष्णतेनं फिल्म मधोमध वाकते. थंड फिल्मवर फोकस केला असेल, तर एक्स्पोजरच्या वेळी तो सरकलेला असतो. लेन्सखालचा लाल फिल्टर आडवा करून दिवा अर्धा मिनिट चालू ठेवा, फिल्म वाकून स्थिरावली की मग फोकस करा आणि लगेच एक्स्पोज करा. एफ/८ किंवा एफ/११ ची फोकसची खोली उरलेला फरक झाकते. काचेचा कॅरिअर वापरायचा असेल तर वरची काच अँटी-न्यूटनच (बारीक खरखरीत) हवी, नाहीतर फिल्मच्या चकचकीत पाठीवर रंगीत वलयं उठतात.

एकच बाजू धूसर असेल तर एनलार्जर तिरका आहे. स्पिरिट लेव्हल बेसबोर्डवर, कॅरिअरवर आणि लेन्सबोर्डवर ठेवून तिन्हींचा कल जुळवा. फोकस बघताना इझलवर (कागद धरणाऱ्या चौकटीवर) त्याच जाडीचा रद्दी कागद ठेवा.

आणि ८ × १० पूर्ण भरलात तर ३६ मिमीतले साधारण ६ मिमी कापले जातात. कडेला महत्त्वाचं काही असेल तर पूर्ण फ्रेम सुमारे १७ × २५ सेंमीत छापा.

निगेटिव्हवाला
इझलच्या पात्यांखाली झाकलेली किनारही किंचित करडी आहे.

हायपोबाथ
हा दुवा मोलाचा आहे. तिथे एनलार्जरचा उजेड पोचतच नाही, म्हणजे सेफलाइट किंवा जुना कागद. गडद अंधारात एका कागदाचे दोन तुकडे करा. एक थेट फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात), दुसरा आधी डेव्हलपरमध्ये, मग फिक्सरमध्ये. दुसरा करडा आला तर कागद गेलेला आहे.

दोन्ही सारखे पांढरे असतील तर बल्ब तपासा. नवा तुकडा एनलार्जरखाली इतकाच एक्स्पोज करा की डेव्हलप केल्यावर फिकट करडा येईल. त्यावर नाणं ठेवून ५ मिनिटं सेफलाइटखाली राहू द्या, मग डेव्हलप करा. कोऱ्या कागदावर ही चाचणी फसवते, कारण आधी थोडा उजेड लागलेला कागद सेफलाइटला जास्त लवकर बळी पडतो. नाण्याचा वर्तुळ उमटलाच, तर रंगवलेला बल्ब काढा. त्याच्या रंगातून निळा-हिरवा उजेड झिरपतो. इलफर्ड ९०२ फिल्टर, आत १५ वॅटचा बल्ब, ट्रेपासून किमान १.२ मीटर लांब.

चांदीची_कड
फिक्सिंग राहिलं सगळ्यांचं. रॅपिड फिक्सर १+४ मध्ये आरसीला ३० सेकंद, वाहत्या पाण्यात २ मिनिटं. जास्त भिजवल्यास कडांतून पाणी शिरतं. वापरलेला फिक्सर नाल्यात ओतू नका, त्यात चांदी असते. स्टील वूल टाकून ठेवा, लोखंड विरघळून चांदी गाळासारखी खाली बसते.